भाऊजींचं डच व्याकरण

स्वतःच्या हातून काही चुकलं की लाजणारी माणसं जगात पुष्कळ असतात; माझे थोरले दीर दुसऱ्याच्या पुस्तकात चूक सापडली तरी स्वतः लाजत. आणि ती लाज साधीसुधी नसे. कान लाल होत, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला जाई, आणि जणू छापखान्यात जाऊन ती ओळ आपणच बिघडवून आलो आहोत अशा आवाजात ते म्हणत, "अरेरे, हे असं छापायला नको होतं." पुस्तकं असत डच व्याकरणाची. सदाशिव पेठेतल्या माणसाचं डच व्याकरणाशी काय देणंघेणं, असं कोणीही विचारील. पण भाऊजी ज्या कारखान्यात होते तिथली यंत्रं हॉलंडहून येत आणि सोबतची माहितीपुस्तकं डचमध्येच असत. इतरांनी चित्रं पाहून यंत्रं जोडली. भाऊजींनी भाषाच शिकायला घेतली. एकट्यानं, पुस्तकांतून. निवृत्तीनंतर घरच्या पुढच्या खोलीत शिकवणी सुरू झाली. हॉलंडला मात्र ते कधी गेले नाहीत. कानाच्या जुन्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला होता.

नव्याने शिकणाऱ्याला ते हाताला येईल ते पुस्तक देत. "लहान मुलाला कुठलंही झबलं बसतं," म्हणत. खरा सोहळा पुढे असे. विद्यार्थी मधल्या पायरीवर पोचला, की त्याला साजेसं व्याकरणाचं पुस्तक निवडायचं. आणि हे काम भाऊजी मुलगी दाखवण्याच्या गांभीर्यानं करत. विद्यार्थ्याला खुर्चीवर बसवत, जाऊबाईंना पोहे करायला सांगत, आणि मग चौकशी सुरू. तू नियम वाचून उदाहरणं सोडवतोस, की उदाहरणं सोडवून नियम ओळखतोस? उत्तरं पुस्तकाच्या शेवटी दिलेली असली तर आधी बघतोस का? खरं सांग. लोणी काळभोरचा एक तरुण गुलाबाची शेती शिकायला हॉलंडला निघाला होता. तो वैतागून म्हणाला, "सर, मला निस्तं गुलाबाचं बोलायचं हाय. एवढा भूतकाळ कशाला वं?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "आणि गुलाब सुकल्यावर काय बोलशील?" पोरानं भूतकाळावर जाड प्रकरण असलेलं पुस्तक मुकाट्यानं पिशवीत टाकलं.

त्यांचं एक तत्त्व होतं. मधल्या पायरीच्या पुस्तकानं नियम सांगावा आणि भरपूर घोटवून घ्यावा. तो नियम कुठे कुठे मोडतो, हे वरच्या पायरीच्या पुस्तकानं सांगावं. "दोन्ही एकदमच सांगणारा लेखक म्हणजे मांडवातच काडीमोडाचे कायदे वाचून दाखवणारा भटजी!" डचमध्ये 'एर' म्हणून एक एवढासा शब्द आहे. तो वाक्यात कधी का येतो याचं भल्याभल्यांना कोडं पडतं म्हणे. नवीन पुस्तक हातात आलं की भाऊजी शेवटच्या सूचीत आधी 'एर' शोधत. अर्ध्या पानात आटोपला असेल, तर पुस्तक मिटून परत. अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानदारामार्फत ते ही पुस्तकं परदेशातून मागवत. मी एकदा बरोबर गेले होते आणि पुन्हा जाणार नाही असं तिथेच ठरवलं. तीन पुस्तकं उघडून भाऊजी गल्ल्यावरच ठिय्या देऊन वाचत बसले. मागे दहावीच्या गाइडांसाठी रांग लागली. "अहो, जरा बाजूला होता का?" मी पुटपुटले. दुकानदारच म्हणाला, "बसू द्या हो ताई. पुण्यात ही पुस्तकं दोघंच मागतात. एक हे, आणि दुसरेही हेच." रांग हसली. मला कुठे तोंड लपवावं कळेना. भाऊजींचे कानही लाल झाले होते, पण ते तिसऱ्या पुस्तकात 'एर'चा एक उपयोग राहून गेला होता म्हणून.

त्यांना वर्ज्य होती ती फक्त कॅसेट. पुस्तकांबरोबर कधी कधी कॅसेटी येत. त्या ते न उघडता कपाटावर ठेवून देत. "कॅसेटीत व्याकरण नसतं, नुसता आवाज असतो," हे त्यांचं मत. त्यांना भाषा डोळ्यांनी यायची. अक्षरं जशी दिसत तशीच, स्वच्छ, एकही न गाळता, पेठी मराठीच्या स्पष्टपणानं ते उच्चारत, आणि विद्यार्थी त्यांच्यामागून म्हणत.

पुढे माझी पुतणी, भाऊजींची मुलगी, शिकायला हॉलंडला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी तिनं लग्न ठरवलं. जाऊबाई चार दिवस जेवल्या नाहीत. भाऊजी मात्र आनंदले होते, व्याही डच! दोघं व्याही-विहीण पुण्याला यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी स्वागताचं भाषण लिहिलं, पाठ केलं, आणि ऐकायला आपले विद्यार्थी जेवायला बोलावले. तो गुलाबवालाही हॉलंडहून परतून पानाला हजर होता. पुतणी दोनदा म्हणाली, "बाबा, इंग्रजीत बोला ना, त्यांना छान येतं." भाऊजी हसले.

पानं वाढली गेली. भाऊजी उभे राहिले आणि बोलू लागले. खणखणीत आवाज, कुठे अडखळणं नाही. आमची छाती फुगली. पाहुणे एकटक बघत होते. भाषण संपलं, विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि विहीणबाई, अगदी मनापासून, डोळ्यांत कौतुक आणून, इंग्रजीत म्हणाल्या, "किती गोड भाषा आहे हो तुमची मराठी!"

पुतणीनं मान खाली घातली. मी श्रीखंडाचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिले. कोणी कोणाकडे पाहीना. भाऊजी वाकून "थँक्यू" म्हणाले, पाणी आणतो म्हणून आत गेले, आणि परत आलेच नाहीत.

मी आत गेले तर ते ओट्यापाशी भिंतीकडे तोंड करून उभे होते. "अगं, एक शब्द कळला नाही त्यांना," ते म्हणाले. "एकसुद्धा. इतकी वर्षं मी या पोरांना काय शिकवलं गं?" एवढ्यात दारात व्याही दिसले. ते निवृत्त पोस्टमास्तर होते, उंच, ताडमाड, आमच्या चौकटीत वाकून उभे. पुतणीनं त्यांना सगळं सांगितलं असावं. त्यांनी हात पुढे करून भाषणाचा कागद मागितला. भाऊजींनी तो खिशातून काढून दिला, जसा नापास झालेला मुलगा प्रगतिपुस्तक देतो. व्याह्यांनी तो तिथेच उभ्यानं वाचला. मग भाऊजींचा दंड धरून त्यांना बाहेर आणलं, शेजारी बसवलं, आणि तो कागद मोठ्यानं वाचायला लागले.

ती भाषा अगदी वेगळी होती. घशातून खाकरत येणारी, अर्धी अक्षरं गिळणारी. विहीणबाई आधी हसल्या, मग त्यांनी डोळ्याला रुमाल लावला. मुलगी आम्ही वाढवली, आता तिला थंडीत जपा, असं काहीसं त्यात होतं, पुतणीनं नंतर सांगितलं. वाचून झाल्यावर व्याही म्हणाले, "यात एकही चूक नाही. आमच्या टपालखात्यात असं कोणी लिहीत नव्हतं." भाऊजी मान खाली घालून ऐकत होते. आपलीच वाक्यं त्यांना ओळखू आली नव्हती.

पाहुणे गेल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांना थांबवून घेतलं आणि हात जोडले. "मला माफ करा. मी तुम्हाला खोटं शिकवलं." सगळे चुळबुळले. शेवटी गुलाबवाला म्हणाला, "सर, आमाला तिकडं गेल्या गेल्याच कळलं हुतं. दुकानात गेलो की समदे हसायचे. पर अर्ज लिवला की कुणी चूक काढली न्हाई. तुमाला सांगायचं कुणालाच धाडस झालं न्हाई." हे ऐकून भाऊजी आणखीनच खचले. आपण चुकलो याहून, आपल्याला इतके दिवस सगळ्यांनी सांभाळून घेतलं, याची त्यांना जास्त लाज वाटली. ती रात्र त्यांनी गॅलरीत बसून काढली, असं जाऊबाई म्हणतात.

शिकवणी बंद झाली. पुस्तक निवडून घ्यायला मात्र लोक येत राहिले, आणि पोहेही होत राहिले, फक्त ते निघाले की भाऊजी मान वळवून म्हणत, "उच्चार माझ्याकडून घेऊ नका हं." व्याह्यांचा दर रविवारी फोन येई. ते बोलत, भाऊजी ऐकत. हळूहळू काही कळू लागलं, तरी स्वतः डचमध्ये ते एक शब्द बोलत नसत.

गेल्या वर्षी व्याही वारले. रविवारी फोन वाजला तेव्हा मी तिथेच होते. विहीणबाई होत्या. भाऊजींनी बराच वेळ रिसीव्हर कानाशी धरला आणि मग, त्या जेवणानंतर पहिल्यांदाच, हळू आवाजात डचमध्ये काहीतरी बोलले. दोन-तीनच शब्द. ठेवल्यावर जाऊबाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"सगळं नाही समजलं," भाऊजी म्हणाले. "रडत होत्या."

"आणि तुमचं त्यांना कळलं?"

भाऊजींचे कान लाल झाले. "कळलं असावं," ते म्हणाले. "त्यांनी इंग्रजीत उत्तर नाही दिलं."