न्हाणीचं दार

झुंबरबाईचा नवरा चंद्रभान हा सुतारकामातला फार मोठा जाणकार होता. त्यानं जन्मात एक फळी कापली नव्हती, एवढी बारीकशी बाब सोडली तर त्याच्या ज्ञानात खोट काढायला जागा नव्हती. पिंगळीच्या पारावर बसून तो करवतीबद्दल बोलायला लागला की माणसांच्या हातातली विडी विझून जाई. करवत दाबायची नसते, चालू द्यायची असते. रेघेवर कापायचं नसतं, रेघेला लागून बाहेरून कापायचं. काप संपला तरी रेघ फळीवर दिसली पाहिजे. पहिले घास हलक्या हातानं घ्यायचे, अंगठ्याचं नख पात्याला टेकवून. खिळा ठोकण्याआधी त्याचं टोक दगडावर ठेचून बोथट करायचं, म्हणजे लाकूड फाटत नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, काप सरत आला की सुटणारं टोक कुणीतरी धरायचं. नाही धरलं तर ते आपल्याच वजनानं मोडतं, फळी चिरते आणि सगळी मेहनत मातीत जाते. यातला एकही शब्द चुकीचा नव्हता, हेच तर झुंबरबाईचं दुखणं होतं.

ही विद्या त्याला राधाकिशन सुताराच्या छपरात बसून मिळाली. शेतीची कामं झुंबरबाई आणि बैल मिळून उरकत असल्यामुळे त्याला बसायला सवड भरपूर होती. पुढं निजामाचं राज्य गेलं, परभणीला नव्या अंमलाची नवी हापिसं झाली. राज्य नवं असलं तरी साहेब काही उभ्यानं काम करत नाहीत, तेव्हा राधाकिशनला टेबल-खुर्च्यांचं इतकं काम लागलं की त्यानं बिऱ्हाडच परभणीला हलवलं. जाताना आपली जुनी पेटी त्यानं या मित्राच्या हवाली केली. "वापरत राहा चंद्रभान, न्हाईतर गंज खाईल," एवढं तो सांगून गेला.

चंद्रभानानं त्यातला गंजाचाच तेवढा धसका घेतला. दर अमावस्येला तो पेटी उघडी, करवत, रंधा, पटाशी, गुण्या असं सगळं अंगणात घोंगडीवर मांडी, एकेका अवजाराला तेल चोळी आणि धुवट फडक्यात गुंडाळून परत ठेवून देई. दसऱ्याला झेंडूची फुलं, हळदकुंकू. घरातल्या देवांनासुद्धा इतक्या निगुतीनं कधी आंघोळ घातली गेली नसेल.

देवांचं जाऊ द्या, आंघोळीचा खरा प्रश्न झुंबरबाईचा होता. तिची न्हाणी घराच्या मागं होती. तीन बाजूंनी मातीची भिंत, आणि चौथी बाजू सताड उघडी, ती नेमकी आगीनगाडीच्या रुळांकडं. सांडपाण्याचा उतार त्याच अंगाला असल्यानं तोंड फिरवायची सोय नव्हती. त्या बाजूला आधी पोतं टांगलं होतं, ते वाऱ्यानं परकराच्या घोळासारखं फुगून वर जाई. मग बाज उभी करायची रीत पडली. बाजेला भोकं, आणि भोकांपलीकडं पूर्णेकडून परभणीकडं जाणारी अख्खी दुनिया. गाडी लांबून शिट्टी देई तेव्हा झुंबरबाईच्या डोक्यात शिकेकाई असे, आणि तांब्या खाली टाकून ती घंगाळाआड उकिडवी बसे. इतकी वर्षं लग्नाला झाली होती, तिनं नवऱ्याकडं साखळी मागितली नाही की पाटल्या मागितल्या नाहीत. न्हाणीला एक दार मागितलं.

दार करायला काही कमी होतं असंही नाही. शेतातला कडुलिंब वादळात आडवा झाला, त्याच्या फळ्या वखारीतून चिरून आल्या. चंद्रभानानं त्या भिंतीला लावून ठेवल्या. ओलं लाकूड वाकतं, सुकू दे, म्हणाला. फळ्या सुकल्या. मग उन्हाळा आला, उन्हात कापली तर तडकती. पावसाळा आला, हवेनं लाकूड फुगतं. हिवाळ्यात लाकूड अगदी जिथल्या तिथं असतं, पण तेव्हा म्हणे अंगाला हुरूप नसतो. फळ्यांमागं कोंबड्यांनी अंडी घातली, पिल्लं निघाली, त्या पिल्लांनी अंडी घातली. खरी गोष्ट अशी की चंद्रभान भीत होता. कापली की फळी परत जोडता येत नाही, आणि एकदा काप वाकडा गेला की पारावर काय तोंड दाखवायचं? झुंबरबाईला हे कळत होतं. तिला त्याची दयाही येई, फक्त आंघोळीच्या वेळी येत नसे.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या वर्षीची गोष्ट. चंद्रभान परभणीच्या बाजाराला गेला होता. परतीची गाडी पिंगळीत शिरायच्या आधी सिग्नल मिळेना म्हणून उभी राहिली, ती बरोबर न्हाणीसमोर. आणि तेवढ्यात वाऱ्यानं बाज पडली. झुंबरबाईनं घंगाळ अंगापुढं ओढलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. गाडी हलेना. डब्यातून कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं. आयुष्यात पुष्कळ गाड्या गेल्या असतील, पण इतका वेळ एकही उभी राहिली नसेल.

संध्याकाळी शेजारची दैवशाला आली. ती चंद्रभानाच्याच डब्यात होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं हळूच पोटातलं काढलं.

"एका मानसानं इचारलं, हे कुनाचं घर हाय हो? तर तुमचं मालक खिडकीतून तोंड फिरवून म्हनले, असंल कुनाचं तरी."

झुंबरबाई उठून चुलीपाशी गेली. तिनं चंद्रभानाला जेवायला वाढलं, पाणी दिलं. बाज पडली त्याची लाज तिला दोन दिवसांत विसरता आली असती. "असंल कुनाचं तरी" मात्र काट्यासारखं आत राहिलं.

पुढच्या आठवड्यात चंद्रभान बहिणीकडं सोनपेठला गेला. तिथल्या पारालाही त्याच्या ज्ञानाची गरज होतीच. तो वेशीबाहेर पडला आणि झुंबरबाईनं पेटी खाली काढली. बाईमाणसानं सुताराच्या अवजाराला हात लावू नये म्हणतात. तिनं करवतीला आधी नमस्कार केला, म्हणजे करवतीचं समाधान झालं, आणि मग हात लावला.

फळ्यांना आडव्या ठोकायच्या दोन पट्ट्या आधी घेतल्या. करवत हातात धरली तर ती डुगडुगायला लागली. आता झुंबरबाईनं जन्मभर कापलं ते विळीवर. पातं जागच्या जागी आणि वांगं हातात, ही तिची रीत. तिनं सरळ करवतीची मूठ पायाखाली दाबली, पातं दात वर करून पाट्याच्या दगडाला टेकवलं आणि भोपळा चिरावा तशी पट्टी दातांवर पुढंमागं सारली. कोणत्याही सुताराला हे बघून घेरी आली असती. पट्टी मात्र कापली गेली. कड जराशी तिरपी आली, पण दोन तुकडे वेगळे झाले, आणि या घरात आजवर ते कुणाला जमलं नव्हतं.

लांब फळ्या अशा विळीवर घेता येणार नव्हत्या. तिथं तिला नवऱ्याची आठवण झाली. पारावरचं त्याचं सगळं बोलणं पाण्याला जाता-येता तिच्या कानावर पडलं होतं, ते एकेक करून वर यायला लागलं. दोरी काजळीत बुडवून ताणली, मधोमध उचलून सोडली, फळीवर सरळ रेघ उठली. फळी उखळावर आडवी टाकली, एक पाय वर दाबला. अंगठ्याचं नख पात्याला टेकवून हलके घास घेतले. करवत अडकायला लागली तशी तेलाचं बोट फिरवलं. दाबली की करवत रुसे, सैल सोडली की चाले. भुसा पडायला लागला, त्याचा कडसर वास सुटला, आणि झुंबरबाईला चक्क मजा वाटायला लागली. नवऱ्याचं ज्ञान नवऱ्याच्या तोंडातून सुटून हातात आलं की इतकं कामाचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं.

पहिल्या फळ्या नीट उतरल्या. शेवटची सरत आली तेव्हा मात्र तिला टोक धरायचं आठवलं. आठवलं, पण धरणार कोण? एक हात करवतीला, दुसरा फळीला. सुटणारं टोक खाली लवलं, कट्कन आवाज झाला आणि चीर वरपर्यंत गेली. चिरलेला भाग काढून टाकल्यावर ती फळी चांगली चार बोटं आखूड भरली. दुसरी फळी नव्हती. तिनं तीच लावली. खिळे बोथट करून ठोकले, पलीकडं निघालेली टोकं वाकवून दाबली, पेटीतल्या बिजागऱ्या भिंतीलगत रोवलेल्या मेढीला बसवल्या आणि आतून कडी लावली. दार बंद झालं. समोरून गाडी गेली, तिला काहीच दिसलं नाही.

चंद्रभान परतला. दाराभोवती एक फेरी मारली, उघडून बघितलं, लावून बघितलं. "बिजागरीला तेल पायजे," एवढं बोलून तो पाराकडं गेला. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की चंद्रभानानं न्हाणीला दार केलं. एवढे दिवस का लागले, तर लाकूड मुरू द्यावं लागतं. लोकांनी माना डोलावल्या. झुंबरबाईला फार वाईट वाटलं. रडूही आलं, पण ते तिनं न्हाणीत जाऊन, कडी लावून काढलं. निदान त्यासाठी तरी दार होतं.

अशात राधाकिशन भावकीतल्या लग्नाला गावात आला. पारावरच्या मंडळींनी त्याला मोठ्या कौतुकानं चंद्रभानाचं दार दाखवायला आणलं. चंद्रभान पुढं. झुंबरबाई आणि दैवशाला भिंतीशी उभ्या राहिल्या. राधाकिशननं दार हलवलं, खाली वाकला.

"दार मजबूत हाय. पर ही फळी आखूड कामून?"

चंद्रभानाला सगळं सोसलं असतं, कापातली चूक आपल्या नावावर सोसली नसती. तो चटकन म्हणाला, "ती मी न्हाई कापली. ती हिनं कापली."

"बरं. ह्या पट्ट्याची कड अशी तिरपी?"

"त्या बी हिच्याच. मी असं कापीन का भाऊ? रेघ सोडून कापावं म्हनून मीच सांगायलोय की लोकायला."

"खिळ्याचे टोकं आतून वाकवलेत. अंगाला लागतेत."

"खिळे समदे हिनंच ठोकले!" चंद्रभान ठणकावून म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेचा आनंद होता. एकेक चूक झटकता झटकता त्यानं सगळं दार बायकोच्या पदरात टाकलं होतं, आणि हे पारावरच्या सगळ्यांच्या ध्यानात आलं तरी त्याच्या आलं नव्हतं.

राधाकिशननं टोपी सारखी केली. "मंग चंद्रभान, तुमी काय केलं?"

"मी? मी समदं सांगितलं हुतं की."

कुणीतरी तोंडावर उपरणं धरलं. राधाकिशन हसला नाही. तो झुंबरबाईकडं वळला. "वहिनी, पट्टी कापली कशी? दात खालून लागल्यासारके दिसतेत."

झुंबरबाईनं पदर सारखा केला. "विळीवानी. पायाखाली धरून."

"आन फळी आखूड कशानं झाली?"

ती जरा थांबली. मग नवऱ्याकडं न बघता सरळ म्हणाली, "टोक धरायला कुनी नव्हतं."

टोक धरावं हे चंद्रभानानं गावाला इतक्यांदा सांगितलं होतं की पारावरच्या माणसांना ते पाठ होतं. चंद्रभान पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. झुंबरबाईनं त्याला इतका गप्प कधी पाहिला नव्हता, आणि त्यात तिला वाटला होता तेवढा आनंद काही झाला नाही.

"पेटी वहिनीपाशी ऱ्हाऊ द्या," राधाकिशन निघताना म्हणाला. "गंजाची काळजी मिटली."

तेवढ्यात दैवशालेनं संधी साधली. तिची न्हाणीही त्याच रुळांसमोर होती. "झुंबरबाई, आमच्या घरी बी फळ्या पडून हायेत. करून देतीस का एक दार?"

झुंबरबाईनं दारावरून हात फिरवला. मग चंद्रभानाला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "देते की. टोक धरायला आमच्याकडं मानूस हाय."

दैवशालेच्या दाराला चंद्रभान खरोखरच उकिडवा बसला आणि त्यानं एकेका फळीचं टोक दोन्ही हातांनी धरलं. तोंड चालूच होतं. करवत दाबू नको, रेघेवर जाऊ नको, हळू, हळू. झुंबरबाई आपल्या चालीनं कापत राहिली. दुपारची गाडी समोर सिग्नलला येऊन थांबली तसा खिडकीतून एका माणसानं आवाज दिला, "काय करायलाव वो?"

चंद्रभानानं टोक सोडलं नाही. मान तेवढी वर केली. "आमच्या मंडळी दार करायल्यात," तो म्हणाला, "मी धरायलोय."