मागच्या सीटवरचा माणूस

माझ्या सवतीला मिशा होत्या. आज हे मी हसत लिहिते आहे. पण ऐंशी सालाच्या आसपास, नाशिकरोडच्या दोन खोल्यांत शाळेच्या वह्या तपासत एकटी बसायचे तेव्हा मला अजिबात हसू येत नव्हतं.

नवरा नौदलात डायव्हर होता. मूळचा देवळ्याकडचा, विहिरीत उड्या मारून पोहायला शिकलेला. कामाबद्दल घरी बोलायची मनाई. फारच खनपटीला बसले तेव्हा एवढं कळलं की पाण्याखालून जाणारी एक लहानशी गाडी असते. बॅटरीवर चालते, आवाज करत नाही. तिला ना छप्पर ना दार. श्वासाची नळी तोंडात धरून दोघं तिच्यावर स्कूटरवर बसावं तसे एकामागे एक बसतात आणि शत्रूच्या जहाजापर्यंत गुपचूप कसं पोचायचं ते शिकतात. नवरा पुढे बसून चालवायचा. मागे कोण बसतं, असं विचारलं आणि त्याची कळी खुलली. जोडीदाराबद्दल बोलायला मनाई नसावी.

मग पत्रांतून जोडीदारच यायला लागला. जोडीदाराला सर्दी झाली, जोडीदार असं म्हणाला, जोडीदाराला भरीत आवडतं. माझ्या वाट्याला शेवटची ओळ, ‘तब्येतीला जप.’ सुट्टीवर आला की मी बोलायचे आणि तो नुसतं ‘हं’ म्हणायचा. वाटायचं, याचं सगळं बोलणं तिकडेच संपत असेल. पण पाण्याखाली त्या दोघांना बोलताच येत नाही, हाताने दाबून खुणा करतात, हे कळलं तेव्हा मी जास्तच जळले. माझ्याशी बोलून जमत नव्हतं ते तिथे न बोलता जमत होतं.

एकदा सुट्टी संपताना जोडीदार भुसावळकडून आला. जेवून दोघं मिळून पुढे मुंबईला जाणार होते. मी रस्सा मुद्दाम जहाल केला. त्याने दोनदा मागून घेतला. खानदेशी माणसाला तिखटाने हरवायला निघाले होते मी!

नवरा रिक्षा आणायला गेला. जोडीदार हात पुसत सहज म्हणाला, "वहिनी, खाली गेल्यावर सुरुवातीला याचे हात कापतात. मी मागून खांद्यावर हात ठेवतो, मग गाडी सरळ चालते. भीती मलाही वाटतेच. तुम्हाला तर सगळं माहीतच असेल."

मी हो म्हटलं. धडधडीत खोटं. सात वर्षांच्या संसारात मी त्याला घाबरलेला एकदाही पाहिला नव्हता. त्याचं हसणं, बोलणं जोडीदाराला मिळत होतं ते मी कसंबसं सोसलं होतं. पण भीतीसुद्धा त्यालाच द्यावी? माझा अगदी तिळपापड झाला.

रिक्षा आली. नवऱ्याने बॅग खांद्याला लावली आणि जोडीदाराने न बोलता तिचे पट्टे ओढून पाहिले, बक्कल चाचपलं. पाण्यात उतरण्याआधी एकमेकांचे पट्टे तपासायचे, असा त्यांचा नियम होता. तो आमच्या दारातही चालू होता.

"सरका भावजी," म्हणत मी मध्ये घुसले. पट्टा हातात धरला, पण त्यात काय पाहायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. तसाच धरून नवऱ्याला विचारलं, "तुम्ही घाबरता, हे मला का नाही सांगितलं?"

त्याने जोडीदाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुला सांगितलं तर तू ‘जाऊ नका’ म्हणशील. हा नाही म्हणत."

माझ्या तोंडात तेच शब्द आलेले होते. मी ते गिळले, पट्टा सोडला आणि म्हटलं, "पोचल्यावर पत्र टाका."

दोघांनीही मान हलवली.