आठ मिनिटं आधी संपलेली मॅच

कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात मी दहावी, म्हणजे शेवटची खेळाडू होते. मैदानात उतरायची वेळ माझ्यावर सहसा यायची नाही, म्हणून सरांनी मला स्कोअर लिहायला बसवलं होतं. शिवाय मी इंग्रजी शाळेतून आलेली, त्यामुळे विद्यापीठाकडून येणारे कागद वाचून सांगायचं कामही माझंच. मुली मला 'मड्डम' म्हणायच्या. त्यात वाईट हेतू नसायचा. पण सराव संपला की त्या घोळक्याने निघायच्या आणि मी वही भरायची राहिली आहे असं दाखवत मागे थांबायचे.

आमची कॅप्टन पूर्णगडची. वडील मासेमारी करायचे, ती होस्टेलवर राहायची. ते तिचं शेवटचं वर्ष होतं. मुंबईच्या आंतरविभागीय स्पर्धेतून विद्यापीठाच्या संघासाठी मुली निवडत. तिथे आपण एकदा खेळलो की आपल्याला घेणारच, याची तिला खात्री होती. आम्हालाही होती. पण त्यासाठी आधी आमच्या संघाला मुंबईचं बोलावणं यायला हवं होतं.

त्या वर्षीचं परिपत्रक सरांनी माझ्याकडे दिलं. सायक्लोस्टाइल केलेली दोन पानं, शाई पसरलेली. घरी मी ती दोनदा वाचली. आमच्या विभागात दोन गट होते. प्रत्येक गटातला पहिला संघ मुंबईला जाणार. दुसऱ्या आलेल्या दोन संघांपैकी मात्र एकच, ज्याचं मानांकन वर असेल तो. आणि मानांकन ठरणार गुणांच्या फरकावरून: सगळ्या मॅचेस मिळून तुम्ही किती गुण केलेत आणि तुमच्यावर किती झाले.

दुसऱ्या दिवशी सरावानंतर सगळ्या मैदानाच्या कडेच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. बूट, मोजे, हात, सगळं मातीने तांबडं झालेलं. मी उभी राहून ओळखपत्रं, फोटो, तारखा सांगितल्या. मग म्हणाले, "द्वितीय स्थानावरील संघांचे मानांकन..."

"अगो बाय! रेडिओवर बातम्या लागल्या!" मागून एकजण म्हणाली.

सगळ्या हसल्या. कॅप्टनही हसली. मी कागदाची घडी घातली.

"अजून काय लिहिलंय?" तिने हसू आवरत विचारलं.

"बाकी विशेष काही नाही."

आमच्या गटाच्या मॅचेस आमच्याच मैदानावर झाल्या. सगळ्यांत तगड्या संघाशी आम्ही थोडक्यात हरलो. गटातला पहिला नंबर तिथेच गेला. शेवटची मॅच मंडणगडहून आलेल्या मुलींशी होती. ती जिंकली की दुसरा नंबर आणि मुंबई नक्की, असं सगळ्या धरून चालल्या होत्या. पहाटेच्या एसटीने निघून त्या थेट मैदानावर आल्या होत्या. दोघी तर अनवाणीच खेळत होत्या. उत्तरार्धात आम्ही इतक्या पुढे गेलो की बघायला जमलेली मुलंही पांगली. त्यांच्या बाई सारख्या घड्याळ बघत होत्या. परतीची शेवटची गाडी सुटायची वेळ होत आली होती.

कॅप्टनने पंचांना हात करून खेळ थांबवला आणि सरांकडे गेली. "सर, सोडूया ना आता. जिंकलोच आहोत. ह्यांची गाडी चुकली तर पोरी राहायच्या कुठे?"

सरांनी त्यांच्या बाईंना विचारलं, पंचांना विचारलं. सगळे हो म्हणाले. आठ मिनिटं शिल्लक होती.

मी टेबलापाशी पेन्सिल घेऊन बसले होते. कॅप्टन माझ्यापासून पाच पावलांवर. 'थांबा, फरक मोजणार आहेत', एवढंच म्हणायचं होतं. मंडणगडच्या मुलींची दया आली म्हणून मी गप्प बसले असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांचा विचारही माझ्या मनात नव्हता. सगळ्या वळून माझ्याकडे बघतील, एवढंच मनात आलं. मी स्कोअरखाली रेघ मारली.

पंधरवड्याने यादी आली. दुसऱ्या गटातला संघ आमच्या वर होता. सहा गुणांनी. आठ मिनिटांत आमच्या मुलींनी ते गप्पा मारत केले असते.

"मड्डम, हे फरकाचं त्या कागदात होतं का गो?" कॅप्टनने विचारलं.

"होतं. माझ्या लक्षात नाही आलं."

तिने यादी खाली ठेवली. मग माझ्या खांद्यावर हात टाकला. "जाऊ दे. असलं अवघड लिहून ठेवतात मेले, तू तरी काय करणार? रडू नको."

मी रडत नव्हते.

मग तिलाच सुचलं की विद्यापीठाला अर्ज करायचा. पाहुण्या संघासाठी आम्ही मॅच थांबवली, फेरविचार व्हावा. इंग्रजीतून लिहायचा, म्हणजे मीच. माझ्या खोलीत पहिल्यांदाच त्या सगळ्या आल्या. पलंगावर, खिडकीत, जमिनीवर बसल्या. आईने दोनदा चहा केला. एकजण माझ्या पाठीला टेकून बसली होती, तिचा धक्का लागू नये म्हणून मी अवघडून लिहीत होते.

"नियम ठाऊक नव्हता हे नीट लिही हां," कॅप्टन म्हणाली. "तेच महत्त्वाचं."

मी लिहिलं. मला येत होतं तितक्या चांगल्या इंग्रजीत लिहिलं, की संघातल्या एकीलाही या नियमाची कल्पना नव्हती. कॅप्टनने अडखळत मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "काय झकास लिहिलंयस गो!" मग एकेकीने सही केली. शेवटची मी.

उत्तर आलं नाही. परीक्षा झाल्यावर कॅप्टन पूर्णगडला गेली ती कायमचीच. सगळ्या तिला पोचवायला एसटी स्टँडवर जाणार होत्या. मलाही निरोप आला होता. मी गेले नाही.