मागच्या भिंतीची ऊब

मुलांनो, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तुझा गुडघा बरा कसा झाला?" मी घाईत "देवाच्या कृपेने" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर वाटलं, हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. मुळात गुडघा बरा झालेलाच नाही. आज सकाळी उठतानाही तो बोलला. तरी मी घाटंजीतल्या माझ्या घरात एकटी राहते, तीन पायऱ्या उतरून देवळात जाते आणि अंगणात मुलींना इंग्रजी शिकवते. हे कसं झालं ते तुम्हाला नीट, क्रमाने सांगायचं आहे.

ज्या हिवाळ्याबद्दल मी लिहिते आहे, तेव्हा माझ्या दोन्ही गुडघ्यांचं आणि कंबरेचं दुखणं आठ वर्षांचं झालं होतं. इतकी वर्षं रोज सकाळी गोळी घेतली की दिवस निघून जायचा. मग यवतमाळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, ही गोळी आता बंद. तुमचा गुडघा हसेल, पण मूत्रपिंड रडेल." त्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्या बाईंनी मला पाच व्यायाम करून दाखवले आणि चित्रांचा एक कागद दिला. मी घरी येऊन त्या कागदाला भोकं पाडली, फाईलमध्ये लावला, फाईलवर 'गुडघा' असं लिहिलं आणि ती कपाटात ठेवली. शाळेत इतकी वर्षं काढल्याने एक खोड लागली होती. कागद फाईलला लागला की काम झालं असं वाटायचं.

त्यातच मी न्हाणीघरात घसरले. मोडलं काही नाही, पण कामवाली येईपर्यंत तासभर फरशीवर बसून राहावं लागलं. तिने ते तुमच्या बाबाला फोनवर सांगून टाकलं. तो रागावला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. शांतपणे म्हणाला, "आई, संक्रांतीला येतोय. तोवर तुझं असंच असलं तर घर बंद करू. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सोबतीला बाई ठेवता येईल." त्याचं चुकत नव्हतं. पण तुमच्या आजोबांच्या हातचा कडुनिंब, अंगणातल्या माझ्या अकरा मुली आणि तीन मिनिटांवरचं दत्ताचं देऊळ हे सोडून मी पुण्यात लिफ्टची वाट पाहत उभी आहे, हे चित्र काही डोळ्यांपुढून हलेना.

मग मी माझ्या पद्धतीने देवाकडे गेले. रोज एकवीस प्रदक्षिणा घालायच्या, नेमात खंड पडू द्यायचा नाही, आणि संक्रांतीच्या आत त्याने गुडघा बरा करायचा. वहीत तारखा आखल्या. चौथ्या दिवशी पाय उचलेना, नऊच झाल्या. राहिलेल्या बारा दुसऱ्या दिवसावर टाकल्या. बरं वाटलं त्या दिवशी मागचं सगळं भरून काढायला साठ घातल्या आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढले. त्या तीन दिवसांच्या त्रेसष्ट पुन्हा वहीत चढल्या. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला ही चूक वाटतच नव्हती, ती परीक्षा वाटत होती.

एक गोष्ट कबूल करायची राहिली. ती कापसाची फार वाईट वर्षं होती. देवळात माझ्या शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या बायका काय मागत होत्या ते मला ठाऊक होतं. काहींच्या कपाळावर कालपर्यंत कुंकू होतं. त्यांच्या शेजारी उभी राहून मी गुडघा मागत होते. लाज वाटायची. पण दुखण्याला लाज नसते, ते मागायला लावतंच. देव यातल्या कुणाचं ऐकतो, की कुणाचंच नाही, ही शंका त्या दिवसांत मनात घर करून होती.

दत्तजयंतीला चार दिवस होते. दुपारी चारच्या सुमाराला मी त्या त्रेसष्ट पूर्ण करायच्याच म्हणून निघाले. अडतिसाव्या फेरीत, अगदी देवळाच्या मागे, उजवा गुडघा अडकला. पुढे पाऊल टाकता येईना. मागे वळायचं तर प्रदक्षिणा उलटी होणार. गाभाऱ्याच्या मागे मी खांबासारखी उभी. समोरून मला कुणी पाहू शकत नव्हतं, देवसुद्धा नाही, त्याची तर पाठच होती माझ्याकडे.

देवळाला लागून एक वावर आहे. तिथे कापूस वेचणाऱ्या बायका पाणी प्यायला देवळाच्या हातपंपावर यायच्या. त्यातली एक, पन्नाशीची, पोटाशी कापसाची ओटी बांधलेली, मला पाहून थांबली.

"काय झालं जी बाई? काहून अशा उभ्या राह्यल्या?"

"पाय अडकलाय."

"मंग बसा न."

"अहो, प्रदक्षिणा अर्धी झालीय. मध्येच कशी बसू?"

तिने देवळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काहून? तुमी बसल्या त देव गाव सोडून जाते का?"

मला रडू यायच्या बेतात होतं आणि मी हसले. ती पुढे म्हणाली, "महादेवाले त अर्धीच प्रदक्षिणा घालतेत. त्याले चालते. मंग यायलेच काहून पुरी पायजे?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता काखेत हात घालून तिने मला भिंतीकडेच्या दगडावर बसवलं. "टेका पाठ. लाजू नोका, कोनी नाई पाहत."

मी पाठ टेकली, आणि मुलांनो, ती भिंत गरम होती. तव्यासारखी नाही, नुकत्याच धुऊन वाळवलेल्या गोधडीसारखी. कंबरेपासून खांद्यापर्यंत ती ऊब हळूहळू आत शिरली. देऊळ पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे मागच्या दगडी भिंतीवर दुपारभर ऊन पडतं, एवढं साधं कारण. पण पंधरा वर्षं मी त्या भिंतीला वळसा घालत होते, आणि एकदाही हात लावून पाहिला नव्हता.

तीही माझ्या शेजारी टेकून बसली. नाव इंदू. तिने विचारलं, "किती घालता?" मी सगळा हिशोब सांगितला, त्रेसष्टचासुद्धा. तिने कपाळावर हात मारला. "अवो बाई, देव का मस्टर घेऊन बसला हाये का?"

मग तिने आपलं सांगितलं. तिची कंबर लग्नापासून धरते. वाकून वेचणी, दुसरं काय होणार? "पयले मी बी तुमच्यावानी करो. बरं वाटलं का सपासप वेचो, मंग दोन दिस घरी पडून. सासूनं शिकवलं. वावराच्या कडंले, धुऱ्यावर बोरीचं झाड हाये न, तिथं आलं का उभं राहाचं. दुखो का न दुखो, उभं राहाचंच. आंग ताठ कराचं, घोटभर पानी प्याचं, मंग दुसरी पात धराची. कंबर ओरडल्यावर थांबलं त उशीर झाला. ओरडाच्या पयले थांबाचं."

"आणि ज्या दिवशी काहीच दुखत नाही?"

"त्या दिशी त पक्कं थांबाचं," ती म्हणाली. "तोच दिवस फसवते."

अर्ध्या तासाने आम्ही दोघींनी मिळून ती अडतिसावी फेरी पूर्ण केली. तिने समोर येऊन देवाला नमस्कार केला, मैत्रिणींनी हाक मारली तशी गेली.

दुसऱ्या दिवशी मी वहीचं नवं पान काढलं. या वेळी नेम नव्हता, कुतूहल होतं. खरंच थांबण्याने फरक पडतो का, हे मला पाहायचं होतं, म्हणून जेव्हा दुखेल तेव्हा वेळेसमोर खूण करायची ठरवली. फक्त तीन प्रदक्षिणा आणि प्रत्येक फेरीत मागच्या दगडावर बसणं, दुखो न दुखो. तिसऱ्या दिवशी अंग इतकं हलकं होतं की दहा सहज झाल्या असत्या. तीनवर थांबून घरी जाणं हा मी आयुष्यात पाळलेला सगळ्यात अवघड नेम होता. पण चौथ्या दिवशी मी अंथरुणात नव्हते. आठवड्याने चार केल्या.

मग 'गुडघा' फाईल उघडली. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि तसाच धरून ठेवायचा, असा पहिला व्यायाम होता. कंटाळवाणा. मी तो जपाला जोडला. पाय सरळ करायचा, दत्ताचं नाव सावकाश पाच वेळा घ्यायचं, पाय खाली. सकाळी दहा वेळा हा पाय, दहा वेळा तो. मुली धडा वाचताना माझा पाय टेबलाखाली वरखाली होतोय हे त्यांनी ओळखलं आणि खुसखुसायला लागल्या. मग त्याही करायला लागल्या.

वहीत आणखी काही गमती सापडल्या. गारठ्यात पाणी भरलं की दुपारी दुखतं. झोप मोडली की सगळंच दुखतं. वाईट बातमी ऐकली की दुखतं, अगदी गुडघ्यातच. आणि तुमच्याशी फोनवर बोलले त्या वीस मिनिटांच्या पुढे मी दुखण्याची खूणच केलेली नव्हती. ते गेलं कुठे होतं? मला अजून माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "मन दुसरीकडे रमलं की दुखणं मागे सरतं. गोळी नाही तर नाही, पण हे चालू ठेवा."

पौषातल्या बाजाराच्या दिवशी मला इंदू दिसली. भाजीच्या पालापाशी होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "इंदू, तुझे फार उपकार झाले." तिने हातातलं वांगं खाली ठेवलं.

"कोन्त्या बाई जी तुमी?"

मी देवळाची, भिंतीची आठवण दिली. "असंन," ती ओशाळून म्हणाली. "मी त साऱ्याइलेच सांगतो थे. आयकते कोन?" आणि बोलता बोलता ती सरळ उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून अंग ताठ केलं, मग पुन्हा वांग्यांवर वाकली. तिचंही दुखणं गेलेलं नव्हतं. मी तिला देवाने पाठवलेली समजून मनात मखरात बसवलं होतं, आणि तिला मी आठवतही नव्हते. वाटेत आधी वाईट वाटलं, मग वाटलं, कृपा अशीच येत असावी. जिच्या हातून येते तिलाही कळत नसावं.

संक्रांतीला तुमचा बाबा आला. दुसऱ्या दिवशी चार वाजता मी त्याला देवळात नेलं. पायऱ्या कठडा धरून मीच उतरले. त्याने हात पुढे केला होता, पण मी तो धरला नाही. सात प्रदक्षिणा होत्या. पहिल्याच फेरीत मागे आल्यावर मी दगडावर बसले तसा तो धावला.

"आई, दुखतंय का?"

"नाही रे. अजून नाही. म्हणून तर बसलेय."

त्याला काही कळलं नाही. मी बाजूचा दगड दाखवला. तो बसला, पाठ टेकली आणि दचकून वळून भिंतीकडे पाहिलं. "अगं, ही गरम आहे." कॉम्प्युटरपुढे बसून त्याची मान किती वर्षं धरते, हे त्याने मला तिथे बसून पहिल्यांदा सांगितलं. उरलेल्या सहाही फेऱ्यांत तो माझ्याबरोबर बसला. घरी परतताना त्याने घर बंद करण्याचा विषय काढला नाही. त्याऐवजी न्हाणीघराच्या भिंतीला धरायला दांडी कुठे बसवायची ते मोजमाप घेऊन ठरवलं.

मी देवाकडे दुखणं जावं म्हणून गेले होते. ते त्याने नेलं नाही. शरण जाणं म्हणजे जीव तोडून त्याला काहीतरी पुरं करून देणं, असं मी समजत होते. आता वाटतं, आपल्याच्याने होईल तेवढं करावं, वेळेवर थांबावं आणि पाठ टेकावी. देवळात आजूबाजूला उभ्या असलेल्या बायकांसाठी मी आता रोज एक फेरी घालते. त्यांच्यासाठी याहून जास्त मला येत नाही.

जुनी वही अजून माझ्याकडे आहे. त्रेसष्टातल्या पंचवीस प्रदक्षिणा त्या पानावर राहिल्या आहेत त्या राहिल्याच. त्याने कधी मागितल्या नाहीत.