भावोजींची रांगेतली जागा

आमचे भावोजी चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. लोकांना जवळचं दिसत नाही की लांबचं, हे ते चुटकीसरशी सांगतात. स्वतःला बायकोचं चांगलं झालेलं दिसत नाही, हे त्यांना कोण सांगणार? मेव्हणा म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

ज्युदोचं खूळ मुळात त्यांचंच. "तेवढीच हालचाल होईल," म्हणून ताईला क्लासला त्यांनीच नेलं. तिथं उभं राहायची एक रीत आहे : वरचे पट्टे पुढे, खालचे मागे. मी पांढरा, म्हणजे शेवटचा. सगळ्यांच्या पाठी मला तोंडपाठ. हे दोघं हिरवे, एकाच रांगेत. ताई परीक्षेत निळी झाली की ती पुढे सरकणार आणि भावोजींना रोज तिच्या मागे उभं राहून नमस्काराला वाकावं लागणार. त्यांची झोप याच विचारानं उडाली होती.

त्यांचं नाव परीक्षेच्या यादीतच नव्हतं. हजेरी कमी. कारणं खरी होती : दुकानातला कारागीर सोडून गेला, मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. पण ती आई ताईचीही सासू होती. डोळ्यांत थेंब घालून, डबे भरून, रक्त तपासायच्या लॅबमधली ड्यूटी सांभाळून ताई सकाळी सहाच्या क्लासला हजर.

"तुला बरा वेळ मिळतो," भावोजी जेवताना म्हणाले.

"मिळत नाही, काढते. भाजी वाढू?"

परीक्षेत फेकून दाखवायला जोडीदार लागतो. ताईच्या जोडीदारणीचं मनगट आदल्या दिवशीच मुरगळलं. सरांनी भावोजींना फोन केला, "उद्या तुम्हीच पडा. नाहीतर यांची परीक्षा सहा महिने पुढे जाईल." भावोजी लगेच हो म्हणाले. मला तेव्हाच शंका आली.

पडणाऱ्यानं अंग सैल सोडायचं असतं. तो ताठ राहिला तर फसतो तो फेकणारा, आणि चूक त्याचीच दिसते.

ताईनं कॉलर धरली, वळली. भावोजी जागचे हलले नाहीत. दुसऱ्यांदाही तेच. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मॅटच्या कडेला बसलो होतो, त्यामुळे पुढचं मला ऐकू आलं.

"अहो, अंग सोडा."

"सोडलंय."

"जळायचं ते घरी जाऊन जळा. आता पडा. शेवटची संधी आहे माझी."

भावोजींचे कान लाल झाले. त्यांनी एकदा परीक्षकांच्या पेनाकडे पाहिलं, एकदा ताईच्या चेहऱ्याकडे. मग खांदे खाली सोडले. ताई वळली आणि भावोजी हवेतून असे गेले की खिडकीतली कबुतरं उडाली.

"वा, काय सुरेख फेकलंत बाई," परीक्षक म्हणाले. पडणाऱ्याला कोणी वा म्हणत नाही. भावोजी उताणे पडून छताकडे बघत राहिले.

त्याला आता तीन महिने झाले. भावोजींचा एक क्लास चुकलेला नाही.

"भावोजी, दुकानाचं काय?" मी विचारलं.

"दुकान साडेनऊला उघडतं."

"ते आधीपण साडेनऊलाच उघडायचं."

"तू तुझा गुडघा सरळ कर."

गिऱ्हाइकांना ते सांगतात, तब्येतीसाठी करतो. वाकताना नजर मॅटवर हवी, असं सर दहादा बजावतात. भावोजी वाकतात अगदी नीट, पण नजर पुढच्या रांगेतल्या निळ्या पट्ट्यावरून हलत नाही.