गौरीच्या कपाळावरचा डाग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणींनाही नाही. मला मुळात बोलायला वेळ लागतो, माझं वाक्य ओठांपर्यंत येईस्तोवर लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. पण हे त्यामुळे राहिलं असं नाही. हे मी राहू दिलं.

कलेच्या इतिहासात एम.ए. करत होते. दुसऱ्या वर्षी काही महिने संग्रहालयात काम करावं लागतं. मला पेठेतलं एक लहानसं खासगी संग्रहालय मिळालं. तिथे दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, देवघरातल्या वस्तू होत्या. खडकीहून बसने जायचे. हातमोजे घालून एकेक वस्तू कपाटातून काढायची, कुठे चीर आहे, कुठे गंज आहे ते इंग्रजीत लिहायचं, परत ठेवायची. बोलावं लागत नसे. मी तिथे सुखात होते.

वरच्या दालनावर कमलमावशींची देखरेख असायची. त्या मूळच्या यवतमाळकडच्या, नवरा गेल्यावर मुलाबरोबर पुण्यात आलेल्या. मी एका नक्षीदार अडकित्त्याचं वर्णन लिहीत बसले होते, तर मागून म्हणाल्या, "हे सुपारी कातराले नाही वं पोरी, नुसतं मिरवाले हाये." पाहिलं तर पात्याला खरंच धार नव्हती. कधी नव्हतीच. माझ्या पुस्तकांत हे कुठे होतं?

आईच्या पोटात गाठ आहे हे मी वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं. मावशींना सांगितलं. का — अजून कळलेलं नाही. त्या दिवसापासून त्या रोज सकाळी विचारायच्या, "माय कशी हाये तुही?" आणि मी "ठीक" म्हणायचे.

अजून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला अर्धंच कळेल. श्रावणातल्या एका शुक्रवारी ऑफिसातल्या बायकांनी हळदीकुंकू केलं. मी सगळ्यांत लहान, म्हणून करंडा माझ्या हातात. मावशींसमोर गेले तर त्या झटकन मागे सरकल्या. "मले नको, पोरी." मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, की नवरा गेल्यापासून त्यांनी कुंकवाला बोटसुद्धा लावलेलं नाही. स्वतःला नाही, देवालाही नाही. मला ते पटलं नाही. पण मला ते माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

भाद्रपदात आईचं ऑपरेशन ठरलं, नेमकं गौरी जेवतात त्याच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या गौरी माळ्यावर ट्रंकेतच राहिल्या. "यंदा राहू दे," आई म्हणाली, भरती होताना तिने बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या, आणि पर्समधली कुंकवाची डबीही दिली. गौरीपूजनाच्या दिवशी बाबा हॉस्पिटलात थांबले आणि मला त्यांनीच कामावर पाठवलं.

दालनात कुणी नव्हतं. मावशी खाली डबा खायला गेल्या होत्या. माझ्यासमोर टेबलावर गौरीचा पितळी मुखवटा होता. जुना, काळपट, कानामागे पांढऱ्या अक्षरांत नोंदणी क्रमांक. त्याच महिन्यात मी वर्गात निबंध वाचला होता — देवघरातून काचेमागे आली की मूर्ती देव राहत नाही, वस्तू होते. सरांनी कौतुक केलं होतं.

मी उजव्या हाताचा मोजा काढला. आईची डबी उघडली. आणि गौरीला कुंकू लावलं.

काही मागितलं नाही. मागायचं सुचलंच नाही. दोन मिनिटं बरं वाटलं, मग घाबरले. रुमाल ओला करून पुसायला गेले, तर कुंकू भुवईच्या कोरीव रेषेत उतरलं. जोरात घासलं, तर शंभरेक वर्षांचा काळपटपणाही निघून आला आणि खालचं पितळ चमकायला लागलं. मुखवटा काचेच्या कपाटात ठेवला, किल्ली खणात टाकली आणि हॉस्पिटलला गेले.

ऑपरेशन नीट झालं. आई आज बरी आहे.

पुढच्या आठवड्यात आमच्या क्युरेटर मॅडम पाहुण्यांना मुखवटा दाखवायला गेल्या आणि त्यांना तो डाग दिसला. कपाटाच्या किल्ल्या आम्हा तिघींच्याच हाताला लागायच्या. त्यांनी मावशींना ऑफिसात बोलावलं. मी कोपऱ्यातल्या टेबलावर होते.

"अहो, हे संग्रहालय आहे, तुमचं देवघर नाही. आरतीची वेळ तेवढी सांगून ठेवा, आम्हीही टाळ घेऊन येत जाऊ."

"मी नाही लावलं, म्याडम."

"बरोबर. सणाचं तिनेच लावून घेतलं असेल."

मावशींनी आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं, ते बोलल्या नाहीत. भर ऑफिसात, शिपायांदेखत, कोणती बाई ते सांगेल? मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू वरच असतेस. या रोज त्या गौरीसमोर हात जोडतात ना?"

जोडायच्या. मी पाहिलं होतं. सकाळी दालन उघडलं की काचेसमोर, क्षणभर.

मी "हो" म्हटलं.

खोटं बोलले नाही मी. कितीतरी दिवस याच वाक्याला धरून होते, खोटं तर बोलले नाही ना? दोन वाक्यं माझ्याकडे होती. एक माझ्याबद्दलचं, एक त्यांच्याबद्दलचं. माझं सांगायची हिंमत नव्हती, ठीक आहे. पण त्यांचं सांगून, स्वतःला लपवूनही, त्यांना सोडवता आलं असतं. तेही केलं नाही. त्या सुटल्या असत्या तर मागे मीच उरले असते.

अहवाल मीच लिहिला. इंग्रजीत असं वाक्य सहज लिहिता येतं, ज्यात कुणी काही केलेलंच नसतं. कपाळावर ताजा लाल रंग आढळला, वगैरे.

मावशींना खाली फाटकाजवळ, सामान ठेवून घेण्याच्या खिडकीवर बसवलं. वर जायची मनाई. मग रोज सकाळी मी माझी बॅग त्यांच्याच हातात द्यायचे आणि बिल्ला घ्यायचे. आईची डबी त्याच बॅगेत असायची. त्या विचारायच्या, "माय कशी हाये तुही?"

मार्चमध्ये त्यांनी काम सोडलं. मुलाने वाघोलीला घर घेतलं होतं, नातीला सांभाळायचं होतं. शेवटच्या दिवशी बॅग परत देताना म्हणाल्या, "तुह्या मायसाठीच हात जोडत होती वं मी, त्या गौरीपुढं. आयकलं तिनं."

मी "थँक यू, मावशी" म्हटलं. बॅग घेतली. बसस्टॉपवर आले.

माझ्या प्रमाणपत्रावर लिहिलंय की मी वस्तू अतिशय काळजीपूर्वक हाताळते. मुखवटा अजून त्याच कपाटात आहे. कपाळावर चमकणारा ठिपका आहे, बोटाच्या टोकाएवढा. लोकांना तो मुळातलाच वाटतो.

कुंकू मी लावलं. मॅडमनी ज्या हातांबद्दल विचारलं, ते माझ्या आईसाठी जोडलेले होते. आणि मी "हो" म्हटलं.