डब्याची किल्ली

सुतारकाम शिकवणाऱ्या सरांना सगळी शाळा रंधासर म्हणायची. आधी भुसा येतो, मागून सर येतात, असं मुलं म्हणत. बावीस वर्षांत त्यांनी कोणाचा कान पिळला नाही. तशी वेळही आली नाही, कारण त्यांच्या कार्यशाळेच्या दाराशी एक लाकडी डबा टांगलेला असे.

डब्याची रीत साधी होती. शाळेतली वस्तू ज्याच्या हातून मोडेल त्याने चिठ्ठीवर वस्तू आणि आपलं नाव लिहून ती डब्यात टाकायची. शनिवारी रंधासर कुलूप उघडत, चिठ्ठ्या एकट्याने वाचत आणि त्या मुलाला गाठून एवढंच विचारत, "दुरुस्तीला कधी येतोस?" का मोडलं, सोबत कोण होतं, काही नाही. मुलगा मधल्या सुट्टीत येई, सरांच्या हाताखाली वस्तू नीट करी आणि चिठ्ठी फाडून टाकी. मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांनासुद्धा, ती वाचायला मिळत नसे. त्यामुळे मुलं खरं लिहीत. पाचवीतल्या एका मुलीने तर लिहिलं होतं, "खिडकीची काच. अजून फुटली नाही, पण मी रोज तिला हात लावते." सरांनी जाऊन पाहिलं, तर काच खरोखरच चौकटीतून सुटत आली होती.

सभागृहात बोलणाऱ्यासाठी एक उंच टेबल होतं. शाळेच्या पहिल्या तुकडीतल्या मुलांनी ते एकही खिळा न ठोकता, नुसत्या सांध्यांवर उभं केलेलं. रंधासर दर नव्या वर्गाला त्याच्यापुढे नेऊन सांगत, "बसायचं त्यावर उभं राहायचं नाही. टेकायचं त्यावर बसायचं नाही. लाकूड सगळं लक्षात ठेवतं."

एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर मंचावरची ट्यूब फडफडताना त्यांना दिसली. शिडी खाली खेळाच्या खोलीत होती आणि त्या खोलीची किल्ली शिपाई मावशींकडे. मावशी चहाला गेल्या होत्या. रंधासरांनी दहा मिनिटं वाट पाहिली असती तर हा मजकूर लिहायचं कारण उरलं नसतं. त्यांनी उंच टेबल ओढलं, चपला काढल्या आणि ते वर चढले. ट्यूब बसली. उतरताना मागच्या पायातून बारीक 'कट्' असा आवाज आला. तो आवाज ओळखायला त्यांना वाकून पाहण्याची गरज नव्हती, तरी त्यांनी पाहिलं. पायाच्या सांध्यात उभी फट गेली होती. त्यांनी तो पाय पडद्याच्या बाजूला येईल असं टेबल फिरवून ठेवलं. शनिवारी दुसऱ्या शाळेत परीक्षक म्हणून जायचं होतं. सोमवारी लवकर येऊन फटीत सरस भरून ती चिकटवू, कोणाला कळणारही नाही, असा त्यांचा हिशेब होता.

सोमवारी त्यांची बस चुकली. ते पोचले तेव्हा सकाळची सभा भरली होती. पाळी नववीची होती आणि बातम्या वाचत होती त्या वर्गातली एक बुटकी, खणखणीत आवाजाची मुलगी. पाचवीपासून बातम्या तीच वाचायची. महिन्याभराने होणाऱ्या आंतरशालेय वाचन स्पर्धेसाठी तिचं नाव गेलं होतं. कुठल्याशा दूरच्या देशातल्या भूकंपाची बातमी होती. "धक्के जाणवताच नागरिक" इथवर ती आली, पान उलटायला टेबलावर रेलली, आणि टेबल तिच्यासकट आडवं झालं.

सातशे मुलं हसली. शिक्षकही हसले. गुडघा खरचटलेली मुलगी उठून कागद गोळा करू लागली, तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "भूकंप!" त्या दिवसापासून तिचं नाव तेच.

हसणं ओसरल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "शनिवारी नववीचीच मुलं इथे फलक लावत होती ना?" बस, एवढंच. रंधासर दाराशी उभे होते. "बाई, शुक्रवारी मी त्यावर उभा होतो." एवढ्या सहा शब्दांचं काम होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "टेबल कार्यशाळेत पाठवा. मी बघतो."

आठवडाभर वर्गावर्गातून मुलीची टिंगल चालली. ती जिन्यावर दिसली की पोरं भिंतींना चिकटून "धरा, धरा, इमारत धरा!" म्हणायची. बुधवारी तिने स्पर्धेतून नाव काढून घेतलं. मराठीच्या बाईंनी कारण विचारलं, तर म्हणाली, "घसा बसलाय."

शनिवारी रंधासरांनी डबा उघडला. पहिली चिठ्ठी तिची होती. "उंच टेबल. मी जास्त रेलले." खाली दुसरी. "उंच टेबल. फलक लावताना माझा धक्का लागला असेल." मग तिसरी, चौथी. "उंच टेबल. मी सोमवारी गैरहजर होतो, पण वर्गाचं आहे म्हणून." छत्तीस चिठ्ठ्या निघाल्या. वर्गाचा पट छत्तीसचाच होता. एकटीच्या नावावर हे राहू द्यायचं नाही, असं मुलांनी आपसांत ठरवलं होतं. हे त्यांना शिकवलं कोणी, हा प्रश्न रंधासरांना विचारावा लागला नाही.  चिठ्ठ्या खिशात घालून त्यांनी नेहमीच्या सवयीने नववीच्या वर्गात जाऊन विचारलं, "दुरुस्तीला कधी येताय?"

सहा-सहा जणांची टोळी करून महिनाभर मुलं मधल्या सुट्टीत येत राहिली. जेवणाचे डबे हातातच, एक घास, एक रंध्याचा हात. आधी टेबल घासून काढलं; शेवटच्या आठवड्यात जुना सांधा खोलला तेव्हा वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, ज्याला सगळे मोजपट्टी म्हणत, पायाचा तुकडा खिडकीशी धरून म्हणाला, "सर, हे रेलून झालेलं नाही."

"कशावरून?"

"तुम्हीच शिकवलंय की. रेललं तर सांधा बाजूला फाकतो. ही फट सरळ खाली गेलीय. वर कोणीतरी उभं होतं."

"जाडजूड माणूस," टोळीतली एक मुलगी म्हणाली. पोरं हसली.

बातम्यांची मुलगी पॉलिशपेपर घासत होती. तिने मान वर केली. "कोण असेल, सर?"

"काय माहीत," रंधासर म्हणाले.

शुक्रवारी त्यांनी फट लपवली होती, सोमवारी विषय टाळला होता. हे मात्र धडधडीत खोटं होतं, तेही मुलीच्या डोळ्यांत बघून, तिनेच घासलेल्या लाकडावर हात ठेवून.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. ती घरीच शिवणकाम करते. एका बाजूला ब्लाउजच्या बाह्या उसवत तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग सांगून टाका की."

"आता? महिना होत आला. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी."

"पाचवीतल्या पोरांना बरं सांगता, चिठ्ठी टाका म्हणून. तेव्हा महिना नाही आठवत."

"पोरांची गोष्ट वेगळी असते गं."

"हो ना. पोरं टाकतात." तिने दातांनी दोरा तोडला. त्यापुढे तिने हा विषय काढला नाही.

शुक्रवारी कार्यशाळा रिकामी असताना रंधासरांनी चिठ्ठी लिहिली आणि डब्यात टाकली. पाऊल मागे घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं की उद्या कुलूप तेच उघडणार, चिठ्ठी तेच वाचणार आणि फाडणारही तेच. बावीस वर्षांत हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. डबा सगळ्या शाळेसाठी होता, फक्त किल्ली ज्याच्याकडे त्याच्यासाठी नव्हता.

शनिवारी नववीची शेवटची टोळी टेबल पुसत होती. रंधासरांनी किल्ली बातम्यांच्या मुलीपुढे धरली. "आज तू उघड."

"मी? सर, तो तर फक्त तुम्ही..."

"उघड."

तिने चिठ्ठी वाचली. मोजपट्टीने मान लांब केली, तशी तिने चिठ्ठी मुठीत मिटली. नियम तिलाही ठाऊक होता.  मग ती हळू आवाजात म्हणाली, "दुरुस्तीला कधी येताय, सर?"

"टेबल तर झालं," रंधासर म्हणाले.

"टेबल झालं. भूकंप कोण दुरुस्त करणार?" तिचा आवाज फाटला. "स्पर्धा परवा होऊन गेली."

 त्यांनी "माफ कर" म्हणायला सुरुवात केली, पण मुलगी चिठ्ठी फळीवर ठेवून निघून गेली. फाडली नव्हती तिने. दुरुस्ती झाल्याशिवाय चिठ्ठी फाडायची नाही, हाही नियमच होता.

सोमवारच्या सभेत रंधासर त्याच उंच टेबलामागे उभे राहिले. त्यांनी तारीख सांगितली, वार सांगितला, चपला काढल्या तेही सांगितलं. पाय पडद्याकडे फिरवला, ते सांगितलं. "ती पडली तेव्हा मी दाराशी होतो. तुम्ही हसलात. मी गप्प राहिलो. तिने तिची चिठ्ठी टाकली, तिच्यासकट वर्गाने छत्तीस टाकल्या. माझी काल-परवा पडली." मोठ्या बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या.  मग मागून, बहुधा आठवीच्या रांगेतून, कोणीतरी हळूच म्हणालं, "भूकंपसर." कोणी हसलं, कोणी दटावलं. रंधासरांनी माईकजवळ तोंड नेलं. "बरोबर आहे. ते नाव माझं आहे. तिचं परत करा."

मुलीने पुढच्या वर्षीही स्पर्धेत भाग घेतला नाही. बातम्या ती पुन्हा वाचायला लागली, पण टेबलापासून एक पाऊल दूर उभी राहून. डब्याची किल्ली तेव्हापासून दर वर्षी नववीकडे असते. ती चिठ्ठी रंधासरांनी निवृत्त होईपर्यंत कार्यशाळेच्या फळीवर ठेवली होती. ती फाडायला कोणी आलं नाही.

सर आता निवृत्त आहेत. कोणी त्यांना रंधासर म्हणत नाही. बाजारात, बसथांब्यावर, स्वतः बाप झालेले जुने विद्यार्थी लांबून हाक मारतात, "ओ भूकंपसर!" सोबतची लहान मुलं विचारतात, हे असलं कसलं नाव? विद्यार्थी टाळाटाळ करतात. सर थांबतात आणि सांगतात, पहिल्या शुक्रवारपासून.